सुटकाकथा आणि ओलिसाचे मौन

१

परदेशी प्रवासाला निघालेल्या सामान्य माणसांना सशस्त्र गटाने ओलीस धरावे, त्यांच्या सरकारने काही काळ हतबल होऊन पाहत राहावे आणि अखेरीस मूठभर सैनिकांनी शत्रूच्या मुलखात शिरून, प्रेतांचा खच पाडून त्यांना सोडवून आणावे, हा आकृतिबंध विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत लोकप्रिय कथनाचा एक पक्का साचा बनला. या साच्यातील चित्रपटांकडे समीक्षेने एक तर रंजनाचा माल म्हणून दुर्लक्ष केले, किंवा राजकीय प्रचार म्हणून त्यांची एका वाक्यात बोळवण केली. त्यामुळे या साच्याला स्वतःचा इतिहास आहे आणि तो बंदिवासकथा या साहित्याच्या एका जुन्या, प्रतिष्ठित प्रकाराशी जोडलेला आहे, ही गोष्ट नजरेआड राहिली.

हा इतिहास तपासण्यासाठी मेनाहेम गोलान यांचा 'द डेल्टा फोर्स' (१९८६) हा चित्रपट विशेष उपयोगी ठरतो. त्यामागे एक प्रत्यक्ष घटना आहे. १४ जून १९८५ रोजी अथेन्सहून रोमकडे निघालेले टी. डब्ल्यू. ए. कंपनीचे ८४७ क्रमांकाचे विमान पळवले गेले. बैरुत आणि अल्जिअर्स यांच्या दरम्यान त्याच्या फेऱ्या झाल्या, अमेरिकी नौदलाच्या एका पाणबुड्याला ठार करण्यात आले, बहुतेक प्रवासी टप्प्याटप्प्याने सोडले गेले आणि उरलेले ३९ ओलीस ३० जून रोजी दमास्कसमार्गे मुक्त झाले. ही मुक्तता वाटाघाटींतून झाली. कोणतेही कमांडो पथक बैरुतमध्ये उतरले नाही. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत पडद्यावर आलेल्या या चित्रपटात मात्र अमेरिकी पथक बैरुतमध्ये घुसते, अपहरणकर्त्यांचा निःपात करते आणि ओलिसांना घेऊन परतते.

घडले ते एक आणि सांगितले गेले ते दुसरे, एवढ्यावर थांबल्यास हाती फारसे लागत नाही. कल्पितकथेला तेवढी मुभा असतेच. खरा प्रश्न कथनाच्या अधिकाराचा आहे. व्लादिमिर प्रॉप याने रशियन लोककथांच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात (१९२८) दोन प्रकारचे नायक मानले आहेत. कुणाचे अपहरण झाले आणि कथा अपहृताच्या मागे गेली, तर अपहृत हाच नायक ठरतो. तो 'पीडित नायक'. कथा मागे उरलेल्यांपैकी शोधाला निघालेल्याबरोबर गेली, तर तो 'शोधक नायक'. दोघांचाही माग घेणारी कथा प्रॉपला त्याच्या सामग्रीत आढळली नाही. हा भेद केवळ तांत्रिक नाही. अपहरणाच्या प्रत्येक कथेला या दोहोंपैकी एक वाट पकडावी लागते आणि वाट निवडताच कोणत्या प्रकारचे ज्ञान कथेत येणार व कोणते गळणार, हेही ठरून जाते. पाश्चात्त्य परंपरेत बंदिवासाची कथा दीर्घकाळ पहिल्या वाटेने चालली. ती दुसऱ्या वाटेला कशी लागली आणि या वळणावर काय गमावले गेले, याचा हा आढावा आहे.

२

सेर्वान्तेस १५७५ मध्ये समुद्री चाच्यांच्या हाती सापडला आणि पाच वर्षे अल्जिअर्समध्ये बंदिवान होता. सुटण्याचे त्याचे सारे प्रयत्न फसले. १५८० मध्ये ट्रिनिटेरियन पंथाच्या धर्मगुरूंनी खंडणी भरून त्याला सोडवले. या अनुभवाचे कलात्म रूप 'डॉन किहोटे'च्या पहिल्या भागातील (१६०५) बंदिवानाच्या कहाणीत दिसते. तेथे निवेदन खुद्द बंदिवान करतो. अल्जिअर्सचे तुरुंग, खंडणीचे दर, धर्मांतर करून तिकडचे झालेले ख्रिस्ती, अनेक भाषांची सरमिसळ होऊन बनलेली बंदरातील बोली, एका मूर स्त्रीची पत्रे आणि ती वाचून देणारा दुभाष्या यांनी ही कहाणी गजबजलेली आहे. बंदिवानाला शत्रूच्या घरातील व्यवहार आतून दिसतात. तो शत्रूचा मित्र होत नाही, परंतु त्याच्याविषयी अजाणही राहत नाही.

इंग्रजी भाषेतील बंदिवासकथेचा आद्य नमुना मेरी रोलँडसन हिच्या आत्मकथनात (१६८२) मिळतो. फेब्रुवारी १६७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लँकॅस्टर या वसाहतीवर स्थानिक जमातींनी हल्ला केला, तेव्हा ती पकडली गेली. सुमारे अकरा आठवडे ती त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडत होती. तिची सहा वर्षांची मुलगी या भ्रमंतीतच मरण पावली. शत्रूला ती सैतानाची प्रजा मानते, आणि तरीही त्याच लोकांमध्ये ती शिवणकाम करते. त्यांचा नायक मेटाकॉम याच्या मुलासाठी सदरा शिवल्याबद्दल तिला एक शिलिंग मिळतो. कोण दयाळू, कोण कुचके, कुणाकडे काय खायला मिळाले, याच्या नोंदी ती बारकाईने ठेवते. ग्रंथाचा धर्मशास्त्रीय दावा एका दिशेने जातो आणि त्यातील तपशील दुसऱ्या दिशेने. या दोहोंमधील ताणामुळेच ही संहिता आजही वाचनीय राहिली आहे.

या संहितेतील एक प्रसंग पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुटकेची बोलणी सुरू झाल्यावर, तुझा पती तुझ्यासाठी किती देईल, असे तिलाच विचारले जाते. फार थोडे सांगावे तर बोलणी मोडतील आणि फार सांगावे तर रक्कम उभी राहणार नाही, अशा कात्रीत ती वीस पौंड हा आकडा सांगते. त्या रकमेवर ती सुटते. पकडणाऱ्यांच्या बाजूने पत्रे लिहिणारा जेम्स प्रिंटर हा केंब्रिजच्या छापखान्यात काम केलेला ख्रिस्ती निपमक होता. अशा रीतीने बंदिवासकथेत बंदिवान हा सौद्याचा विषय असतो आणि त्याच वेळी सौद्यातील एक पक्षही असतो. वाटाघाट ही या कथेची लाजिरवाणी बाजू नाही; ती कथेचा कणा आहे.

परंतु बंदिवानाच्या शब्दाला साक्षीदार लागतो, हेही याच ग्रंथात दिसते. रोलँडसनच्या कथनाला एक निनावी प्रस्तावना जोडलेली आहे. ती धर्मोपदेशक इन्क्रीझ मेदर यांची असावी, असे सामान्यतः मानले जाते. शत्रूच्या छावणीत राहून आलेल्या स्त्रीने लोकांसमोर बोलण्याचे धाडस का केले, याचे समर्थन ही प्रस्तावना करते. भारतीय वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. वाल्मीकिरामायण प्रॉपच्या नियमाला मोठा अपवाद आहे. तेथे कथा रामाच्या मागे जाते आणि सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतेकडेही येते. हनुमान तिला पाठीवर घेऊन जाण्याची तयारी दाखवतो, तेव्हा ती नकार देते. आपल्या सुटकेची रीत कोणती असावी, याविषयी तिला मत आहे आणि ते ती कारणे देऊन मांडते. युद्धकांडात मात्र सुटका झाल्यावर त्याच सीतेच्या शब्दाला अग्नीची साक्ष लागते. बंदिवासात राहिलेल्याचे बोलणे आपोआप ग्राह्य नसते, हा संशय सुटकेच्या कथेइतकाच जुना आहे.

३

अमेरिकी परंपरेत बंदिवासकथा शोधकाकडे कशी वळली, याचे विवेचन रिचर्ड स्लॉटकिन यांनी सीमाप्रदेशाच्या मिथकावरील आपल्या ग्रंथात (१९७३) केले आहे. बंदिवान स्त्रीच्या कथेशेजारी शिकाऱ्याची कथा येऊन बसते आणि हळूहळू तिला झाकून टाकते. डॅनिएल बून याच्या मुलीला १७७६ मध्ये पळवण्यात आले आणि बापाने माग काढून काही दिवसांतच तिला सोडवले. या घटनेचा उपयोग जेम्स फेनिमोर कूपर याने 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६) या कादंबरीत केला. पळवलेल्या बहिणी कथेत आहेत, परंतु वाचकाची नजर हॉकआय या रानवाटांच्या जाणकाराच्या नजरेशी बांधलेली आहे. शत्रूविषयीचे ज्ञान आता त्याच्याकडे आहे, आणि ते मागावर राहण्याच्या व नेम धरण्याच्या उपयोगाचे आहे.

जॉन फोर्ड यांच्या 'द सर्चर्स' (१९५६) या चित्रपटात या वळणाचे भीषण रूप उघड होते. कोमान्ची लोकांनी पळवलेल्या पुतणीचा शोध एथन एडवर्ड्स वर्षानुवर्षे घेतो. पण ती त्यांच्यातली एक होऊन गेली असेल, तर तिला ठार करायचे, असा त्याचा इरादा आहे. शोधकाला बंदिवान परत हवी आहे, मात्र तिचा अनुभव नको आहे. १८३६ मध्ये टेक्ससमध्ये पळवल्या गेलेल्या सिंथिया अ‍ॅन पार्करला १८६० मध्ये 'सोडवून' आणल्यावर तिने पुन्हा कोमान्चींकडे जाण्याची धडपड केली, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती या कथेच्या पार्श्वभूमीला आहे. फोर्ड यांचे मोठेपण असे की त्यांनी शोधकाच्या या द्वेषाला कथेचा विषय केले. नंतरच्या सुटकाकथांनी शोधक घेतला आणि त्याच्याविषयीचा प्रश्न वगळला.

सीमाप्रदेशातील ही कथा परदेशात कशी गेली, हे पेर्डिकॅरिस प्रकरणावरून दिसते. मे १९०४ मध्ये टँजिअरमध्ये राहणाऱ्या आयन पेर्डिकॅरिस या वृद्ध गृहस्थाला आणि त्याच्या सावत्र मुलाला अहमद अल् रायसुली याने पळवून नेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी युद्धनौका धाडल्या. जूनमध्ये शिकागो येथील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात एक तार वाचून दाखवली गेली: पेर्डिकॅरिस जिवंत हवा, नाहीतर रायसुली मेलेला हवा, असा तिचा आशय होता. प्रतिनिधींनी जल्लोष केला. वास्तविक तोवर सुटकेचा सौदा जवळपास ठरलेला होता आणि मोरोक्कोच्या सुलतानाकडून खंडणी दिली जात होती. शिवाय या गृहस्थाने पूर्वीच ग्रीक नागरिकत्व घेतले असल्याचे सरकारला कळले होते. ते दडवून ठेवण्यात आले. पेर्डिकॅरिसने स्वतः आपल्या बंदिवासाविषयी लिहिले आणि त्यात रायसुलीविषयी आदर व्यक्त केला. म्हणजे १९०४ मध्येच या प्रकरणाच्या दोन संहिता तयार झाल्या होत्या: एक बंदिवानाने लिहिलेली आणि दुसरी अधिवेशनात वाचलेली.

जॉन मिलियस यांच्या 'द विंड अँड द लायन' (१९७५) या चित्रपटाने दुसरी संहिता उचलली. वृद्ध पुरुषाच्या जागी दोन मुलांसह एक तरुण, देखणी स्त्री आली आणि अमेरिकी नौसैनिक टँजिअरच्या रस्त्यांतून कूच करत राजवाड्यावर चालून गेले. पेर्डिकॅरिसला रायसुलीविषयी जे वाटले, त्याचे येथे प्रणयाच्या छटेत रूपांतर झाले. प्रत्यक्ष इतिहासातील वाटाघाटीच्या जागी चित्रपटात धाड येते, हा नियम येथे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसतो.

४

या नियमाला इतिहासानेच एकदा दुजोरा दिला. २७ जून १९७६ रोजी तेल अवीवहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अथेन्सनंतर पळवून युगांडातील एन्टेबे येथे नेण्यात आले. अपहरणकर्त्यांत दोन जर्मन होते. इस्राएली प्रवासी इतरांपासून वेगळे काढण्यात आले. ४ जुलैच्या पहाटे इस्राएली पथकाने धाड घालून शंभराहून अधिक ओलिसांना सोडवले. पथकाचा नेता योनातान नेतन्याहू मारला गेला, धाडीच्या धुमश्चक्रीत तीन ओलीस प्राणास मुकले, आणि उपचारासाठी कंपालाच्या रुग्णालयात असलेल्या डोरा ब्लॉक या वृद्धेची नंतर इदी अमीनच्या माणसांनी हत्या केली.

घटनेला वर्ष होण्याच्या आतबाहेर तिच्यावर तीन चित्रपट निघाले: 'व्हिक्टरी अ‍ॅट एन्टेबे' (१९७६) व 'रेड ऑन एन्टेबे' (१९७७) हे अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी, आणि 'ऑपरेशन थंडरबोल्ट' (१९७७) हा गोलान यांचा इस्राएली चित्रपट. शोधक नायकाची कथा यापूर्वी कल्पिताच्या आधाराने उभी होती. आता तिला वस्तुस्थितीचा दाखला मिळाला. मात्र एका अपवादात्मक घटनेचे येथे प्रमाणकात रूपांतर झाले. एन्टेबेनंतरच्या प्रत्येक ओलीसप्रकरणात, धाड का घातली नाही, हा प्रश्न आधी विचारला जाऊ लागला, आणि वाटाघाटीने झालेली सुटका ही कथा म्हणून अपुरी वाटू लागली. तेहरानमधील ५२ अमेरिकी ओलीस ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ रोजी, अल्जिरियाच्या मध्यस्थीने सुटले. सार्वजनिक स्मरणात मात्र एप्रिल १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात फसलेली आणि आठ सैनिकांचा बळी घेणारी मोहीम सलत राहिली. 'द डेल्टा फोर्स'चा आरंभ नेमका त्या वाळवंटातून होतो. खऱ्या अपयशाने सुरू होणारा हा चित्रपट कल्पित यशाने संपतो; त्याच्या आकृतिबंधाची ही दोन टोके त्याचा हेतू उघड करतात.

५

'द डेल्टा फोर्स'चा पूर्वार्ध प्रत्यक्ष घटनेला बराच धरून आहे. विमान कंपनीचे नाव बदललेले आहे, पण अथेन्सहून उड्डाण, बैरुत व अल्जिअर्स येथील थांबे, स्त्रिया व मुले यांची आधी झालेली सुटका, पाणबुड्याची हत्या हे सारे येते. पर्यटनाहून परतणारी मध्यमवयीन ज्यू जोडपी आणि एक कॅथलिक पाद्री यांच्या भूमिका शेली विंटर्स, मार्टिन बाल्सम, जॉर्ज केनेडी अशा जुन्या, परिचित नटांनी केल्या आहेत. या भागात ओलिसांना चेहरे आणि शब्द आहेत. ज्यू प्रवाशांची नावे निवडून देण्यास सांगितले असता जर्मन हवाईसेविका आपल्या देशाच्या इतिहासाचे स्मरण देऊन आधी नकार देते. हाना शिगुलाने उभा केलेला हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत गंभीर क्षण आहे. येथवर प्रॉपचा 'पीडित नायक' जिवंत आहे.

उत्तरार्धात कथन चक नॉरिस आणि ली मार्व्हिन यांच्या पथकाच्या हाती जाते. मोटरसायकलवरून अग्निबाण सोडणारा नायक आणि स्फोटांची मालिका यांत ओलीस मागे पडतात. त्यांचे काम वाट पाहण्याचे, आणि शेवटी आनंद व्यक्त करण्याचे. अपहरणकर्त्यांच्या मागण्याही विरून जातात. १९८२ पासूनची दक्षिण लेबनॉनमधील इस्राएली फौज, अटलिटच्या तुरुंगात ठेवलेले लेबनीज कैदी, १९८३-८४ मध्ये 'न्यू जर्सी' या अमेरिकी युद्धनौकेने डोंगराळ भागावर केलेला तोफमारा यांना या कथेत स्थान नाही. प्रत्यक्ष विमानात मात्र अपहरणकर्ते त्या युद्धनौकेचे नाव घेत ओरडत होते, असे ओलिसांच्या कथनांतून कळते. ते कशाने पेटले होते, हे ज्यांनी ऐकले, त्यांचेच ऐकणे चित्रपटाने गाळले.

याहून मोठी विसंगती पुढे आहे. १९ जून १९८५ रोजी विमानाच्या वैमानिकाने पिस्तुलाच्या धाकात खिडकीतून वार्ताहरांशी संभाषण केले. दुसऱ्या दिवशी काही ओलिसांना बैरुतमध्ये वार्ताहरांपुढे आणण्यात आले. आपल्या सुटकेसाठी लष्करी कारवाई करू नये, अशी विनंती त्यांच्या प्रवक्त्याने अध्यक्ष रेगन यांना केली आणि इस्राएलने लेबनीज कैदी सोडावेत, असेही सुचवले. अखेर अमल संघटनेचे नेते नबीह बेरी यांच्या मध्यस्थीने व सीरियाच्या साहाय्याने मार्ग निघाला. त्यानंतरच्या आठवड्यांत इस्राएलने अटलिटमधील ७०० हून अधिक कैदी सोडले. दोन्ही गोष्टींचा संबंध मात्र अधिकृतपणे नाकारला गेला. म्हणजे ज्या धाडीला ओलिसांनी जाहीरपणे विरोध केला होता, तीच धाड चित्रपटाने त्यांच्या वतीने घातली. वीस पौंड हा आकडा सांगणाऱ्या रोलँडसनपासून येथवर आल्यावर बंदिवानाच्या शब्दाची किंमत काय उरली, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

६

ओलिसांचे ते बोलणे इतक्या सहजतेने बाजूला का सारता आले? एक उत्तर उघड आहे: डोक्याशी शस्त्र असताना केलेल्या विधानावर कुणी विसंबू नये. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने या सावधगिरीला एक शास्त्रीय नावही दिले होते. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोममधील एका बँकेत चार कर्मचारी सहा दिवस ओलीस होते. त्यांच्यापैकी एका तरुणीने पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना दूरध्वनी करून सांगितले की तिला दरोडेखोरांपेक्षा पोलिसांच्या हल्ल्याची भीती वाटते. या प्रकरणावरून 'स्टॉकहोम सिंड्रोम' ही संज्ञा रूढ झाली. गुंतागुंतीच्या परिस्थितीत एका व्यक्तीने केलेले धोक्याचे मूल्यमापन या संज्ञेमुळे आजाराचे लक्षण ठरले. सतराव्या शतकात बंदिवानाच्या शब्दाला धर्मोपदेशकाची साक्ष लागत होती. आता मानसशास्त्राची लागू लागली, आणि ही साक्ष बहुधा बंदिवानाच्या विरोधात जाऊ लागली.

उली डेरिक्सन हिच्या उदाहरणात हे सारे धागे एकत्र येतात. ८४७ क्रमांकाच्या विमानातील ही जर्मनभाषक प्रमुख हवाईसेविका अपहरणकर्त्यांपैकी एकाशी त्याला येत असलेल्या जर्मन भाषेत बोलू शकत होती आणि त्यामुळे विमानातील सारी बोलणी तिच्या मार्फत चालली. अल्जिअर्समध्ये पैसे मिळाल्यावाचून इंधन देण्यास तेथील कर्मचारी तयार होईनात, तेव्हा तिने आपले स्वतःचे क्रेडिट कार्ड पुढे केले. सेर्वान्तेसच्या दुभाष्याची आणि रोलँडसनच्या सुईदोऱ्याची ही आधुनिक रूपे आहेत. ती सुटून आल्यावर मात्र तिने ज्यू प्रवासी निवडून दिल्याचा आरोप प्रारंभीच्या काही वृत्तांतून पसरला. ती प्रवाशांना पाठीशी घालत होती, हे नंतर स्पष्ट झाले. शत्रूशी त्याच्या भाषेत बोलणारी स्त्री संशयास पात्र ठरली, आणि तेही तिच्या बोलण्यामुळेच माणसे वाचली असताना.

तिच्यावरील दूरचित्रवाणीपट १९८८ मध्ये आला. लिंडसे वॅग्नरने तीत डेरिक्सनची भूमिका केली. एकाच घटनेवरील या दोन चित्रपटांत प्रॉपच्या दोन वाटा शेजारी शेजारी दिसतात. १९८८ च्या संहितेत नाट्य बोलण्यात आहे: कोणता शब्द वापरावा, केव्हा गप्प राहावे, कुणाकडे दयेची याचना करावी. १९८६ च्या संहितेत बोलणे हा वेळकाढूपणा आहे. साच्याच्या रूपाने टिकली ती दुसरी.

७

हा साचा भारतात आला तोही याच क्रमाने. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे आय. सी. ८१४ हे विमान पळवले गेले. नेपाळमधील सहलीहून परतणारे अनेक जण त्यात होते. एका प्रवाशाची हत्या झाली आणि ३१ डिसेंबरला तीन कैद्यांच्या मोबदल्यात कंदाहारमध्ये सुटका झाली. रोहित शेट्टी यांच्या 'जमीन' (२००३) या हिंदी चित्रपटात अशाच विमानाची सुटका कमांडो कारवाईने होते. १९८५-८६ ची घटना व चित्रपट यांच्यातील नाते येथे जवळपास जसेच्या तसे पुन्हा दिसते. पण त्या विमानाचे कप्तान देवी शरण यांनी सहलेखकासह २००० मध्येच आपले कथन प्रसिद्ध केले होते. त्यावर आधारलेली अनुभव सिन्हा यांची मालिका २०२४ मध्ये आली. वाटाघाटीचे कष्ट, तिच्यातील अपमान आणि अपरिहार्यता हा कथेचा विषय होण्यासाठी जवळजवळ पंचवीस वर्षे जावी लागली.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीत पळवले गेले, त्या घटनेवरील राम माधवानी यांचा 'नीरजा' (२०१६) हा चित्रपट वरवर याला अपवाद वाटतो. नायिका स्वतः ओलीस आहे. सोडवणारे पथक वेळेवर पोचत नाही. नीरजा भनोत हिने प्रवाशांचे अमेरिकी पासपोर्ट दडवले, अखेरच्या गोळीबारात प्रवाशांना बाहेर काढले आणि त्यात तिचा अंत झाला. डेरिक्सन आणि भनोत यांनी केलेले काम मूलतः एकाच जातीचे आहे. एकीच्या वाट्याला आरंभी संशय आला आणि दुसरीला मरणोत्तर अशोकचक्र. भनोतचे शौर्य निर्विवाद आहे. तथापि या दोन स्वागतांमधील अंतर लक्षात घ्यावेच लागते. मृत ओलिसाच्या शब्दावर शंका घेतली जात नाही, कारण तो पुढे बोलणार नसतो. जिवंत परतलेला ओलीस मात्र शत्रूविषयी, आणि आपल्या सरकारविषयीही, नको ते सांगण्याची शक्यता असते.

म्हणून सुटकाकथेची चिकित्सा ही केवळ एका लोकप्रिय प्रकाराची चिकित्सा राहत नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये, म्हणजे 'द डेल्टा फोर्स' प्रदर्शित होण्याच्या तीनच महिने आधी, इजिप्तएअरचे एक पळवलेले विमान माल्टामध्ये उतरवण्यात आले. इजिप्तच्या कमांडोंनी त्यावर धाड घातली. सुमारे ६० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील बहुतेक या धाडीत. सुटकाकथेच्या साच्यात ही घटना बसत नाही; म्हणून तिला एन्टेबेसारखे कथारूप लाभले नाही. धाडीने माणसे वाचतात आणि बोलण्याने अब्रू जाते, हे समीकरण ज्या समाजाच्या कथनसवयीत रुजले, त्याच्या राज्यकर्त्यांना अशा प्रसंगी मोकळेपणाने निर्णय घेणे कठीण होते. ओलिसांच्या जिवाची किंमत त्या समीकरणातून भागवली जाते.

बंदिवासकथेकडे परतणे म्हणजे शत्रूविषयी हळवे होणे नव्हे. रोलँडसनने शत्रूला कधी क्षमा केली नाही, सेर्वान्तेसने अल्जिअर्सचे गोडवे गायिले नाहीत आणि सीतेने रावणाची बाजू घेतली नाही. तरीही बंदिवासात काय दिसले, कोण काय बोलले आणि सुटकेचा मोल कसा ठरला, हे सांगण्याचा त्यांचा अधिकार त्या त्या संहितेने राखला. ओलीसकथा वाचताना समीक्षेने विचारायचे प्रश्नही तेच आहेत: निवेदन कोणाचे आहे, ओलिसाच्या शब्दाला साक्ष कोणाची मागितली जाते, आणि जो सौदा प्रत्यक्षात झाला तो कथेतून कोठे गेला. 'द डेल्टा फोर्स'ने या तिन्ही प्रश्नांची दिलेली उत्तरे स्पष्ट आहेत. बैरुतमध्ये वार्ताहरांपुढे बोललेल्या ओलिसांची उत्तरे वेगळी होती, आणि साहित्याच्या इतिहासात अधिक जुनी परंपरा त्यांच्याच पाठीशी आहे.